जागा कुणी राखली, हे विचारा

साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, हंगाम जवळ आला की पुण्या-मुंबईच्या पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींतून जपान फुलायला लागतो. कार्यक्रम बहुतेकांचा सारखाच असतो. टोकियो, हाकोने, फुजीचं दर्शन, बुलेट ट्रेन, क्योटोचं सोनेरी मंदिर, नाराची हरणं, ओसाका, आणि दिवस उरलेच तर हिरोशिमा व भरतीच्या पाण्यात उभी असलेली मियाजिमाची तोरी कमान. मी पुण्यात जपानी शिकवते आणि अशा मंडळींसोबत दुभाषी म्हणून जपानला जाते. या सगळ्या जागा सुंदर आहेत आणि पहिल्यांदा जाणाऱ्यानं त्या बघाव्यातच. पण जपानी माणूस हजार वर्षं ज्या रीतीनं आपला देश बघत आला, ती रीत या कार्यक्रमात कुठंच येत नाही. जागेबरोबर तिथं काय लिहिलं गेलं आणि ती कुणी सांभाळली हेही बघायचं, अशी ती रीत आहे. ती वगळली की डोळ्यांपुढं नुसतं दृश्य राहतं, आणि दृश्य घरी पोहोचेपर्यंत पुसट होतं.

ठिकाणांच्या याद्या करण्याला माझा विरोध नाही. तो छंद जपानमध्ये फार जुना आहे. हायाशी गाहो या विद्वानानं १६४३ साली तीन जागा देशात सर्वांत देखण्या म्हणून नोंदवल्या: पाइन वृक्षांनी भरलेल्या अडीचशेहून अधिक बेटांचं मात्सुशिमा, साडेतीन किलोमीटरहून लांब वाळूच्या पट्टीचं आमानोहाशिदाते आणि मियाजिमा. पावणेचारशे वर्षं झाली, तरी ही तिन्ही नावं शाळकरी मुलांना पाठ असतात. पुढं १७८० मध्ये क्योटोच्या प्रेक्षणीय जागांचा सचित्र ग्रंथ निघाला आणि तसल्या ग्रंथांची लाटच आली. एदोचा, म्हणजे आजच्या टोकियोचा, असा ग्रंथ सैतो घराण्याच्या तीन पिढ्यांनी मिळून पुरा केला. तो १८३४ ते १८३६ या काळात वीस पुस्तकांत छापला गेला. त्यात प्रत्येक जागेचं चित्र आहे आणि चित्रात माणसं आहेत. कुणी चहाच्या टपरीवर टेकलंय, कुणी नावेत चढतंय. सोबत त्या जागेची दंतकथा, देवळाचा इतिहास आणि तिथं लिहिलेल्या कविता. वाचक घरी बसून आधी ते वाचायचा आणि मग बघायला निघायचा. आपल्या हातातल्या यादीतून गळालाय तो नेमका हा वाचण्याचा भाग.

जपानी काव्यात काही घाट, नद्या, टेकड्या अशा आहेत की त्यांचं नुसतं नाव घेतलं तरी मनात एक ठरलेला भाव जागा होतो. त्यांना उतामाकुरा म्हणतात. योशिनो म्हटलं की फुलं, तात्सुता नदी म्हटलं की शरदातली लाल पानं. क्योटोच्या दरबारी कवींनी यातल्या कित्येक जागा जन्मात पाहिल्या नव्हत्या, तरी त्यांवर कविता केल्या. नोइन हा अकराव्या शतकातला कवी. त्यानं उत्तरेकडच्या शिराकावा नाक्यावर एक कविता रचली. वसंतात राजधानी सोडलेल्या माणसाला तिथं पोहोचेपर्यंत शरदाचा वारा लागतो, असा तिचा आशय. दंतकथा सांगते की कविता त्याला घरीच सुचली होती. पण ती इतकी साधली, की प्रवास न करता लिहिली म्हणणं त्याला जिवावर आलं. म्हणून तो बरेच दिवस लोकांच्या नजरेआड राहिला, चेहरा उन्हात रापवून घेतला आणि मगच उत्तरेहून परतल्याचं सांगून त्यानं ती जाहीर केली.

ही कथा ऐकून आपल्याला वाटेल, हा तर खोटेपणा झाला. जपान्यांनी तिचा अर्थ वेगळा घेतला. पुढं एक दरबारी गृहस्थ त्या नाक्यावरून जाताना थांबला आणि त्यानं प्रवासाचे कपडे बदलून दरबारी पोशाख चढवला. जिच्यावर नोइननं अशी कविता केली, ती जागा मळक्या कपड्यांत कशी ओलांडायची, असं त्याचं म्हणणं. हायकूकार बाशो १६८९ मध्ये आपला शिष्य सोरा याच्यासह तिथं पोहोचला, तेव्हा नाका उठून कित्येक शतकं लोटली होती. तरी त्या पोशाखाची आठवण त्यानं आपल्या प्रवासवर्णनात ठेवली. नाका नेमका कुठं होता, याबद्दलही तोवर घोळ झाला होता. शिराकावाचा सरदार मात्सुदाइरा सादानोबु यानं शोध घेऊन १८०० साली ती जागा ठरवली आणि तिथं शिळा उभी केली.

ही आठवण आजही जिवंत आहे. कोशिएनची शालेय बेसबॉल स्पर्धा जपानमध्ये घरोघरी बघितली जाते. स्पर्धा सुरू होऊन शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी ईशान्येकडच्या तोहोकु भागातल्या एकाही शाळेला विजेतेपद मिळालं नव्हतं. शिराकावाचं शिंतो देवालय १९९७ पासून स्पर्धेला निघालेल्या तोहोकुच्या संघांना नाका ओलांडण्याचा लाकडी परवाना पाठवत आलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये सेंदाई इकुएइ शाळेनं अंतिम सामना जिंकला. विजयाचा ध्वज अखेर शिराकावाचा नाका ओलांडून उत्तरेत गेला, असं वृत्तपत्रांनी लिहिलं. नाका नाही, पहारेकरी नाहीत, परवाना तपासणारं कुणी नाही. तरीही खेळाच्या पानावर त्याचं नाव येतं आणि वाचकाला टीप लागत नाही. ही कवितेची कमाई आहे.

आता जी जागा मी मराठी मंडळींना आवर्जून दाखवते, तिच्याबद्दल सांगते. तागाजो हे सेंदाईजवळचं छोटं शहर. स्टेशनवरून चालत गेलं की दहाएक मिनिटांत होकोकु-जी या बौद्ध मंदिरापाशी आपण पोहोचतो. मंदिरामागं चढ आहे, कबरी आहेत आणि माथ्यावर दोन जुने काळे पाइन वृक्ष एकमेकांकडे कललेले. आजूबाजूला साधी घरं, वाळत घातलेले कपडे, अंगणात उभ्या गाड्या. समुद्र इथून दिसतही नाही. ही सुए-नो-मात्सुयामा. चढ उतरून खाली आलं की गल्लीच्या वळणावर एक डबकं लागतं. कठड्यानं वेढलेलं, मधे वेडेवाकडे काळे खडक आणि खडकांच्या फटींत रुजलेली झाडं. हे ओकी-नो-इशी. दोन्ही नावं हजार वर्षांहून जुन्या काव्यपरंपरेत आहेत. आधीच काही वाचलेलं नसेल, तर इथं कॅमेरा काढावा असं काहीच नाही.

एका खेपेला आमच्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले नाशिकचे एक अभियंता होते. ‘‘ताई, इथं बघायचं काय?’’ असं त्यांनी मोकळेपणानं विचारलं. मी त्यांना सांगितलं की दहाव्या शतकाच्या सुरुवातीला संकलित झालेल्या ‘कोकिनशू’ या काव्यसंग्रहात या टेकडीचं नाव आहे. माझं मन तुझ्यावरून ढळलं, तर समुद्राची लाट या टेकडीवरूनही जाईल, अशा अर्थाची ती प्रेमाची शपथ आहे. म्हणजे लाट या टेकडीवरून कधी जाणारच नाही, हे तेव्हाच्या लोकांनी धरून ठेवलं होतं. का धरून ठेवलं होतं? इसवी सन ८६९ मध्ये या किनाऱ्यावर मोठा भूकंप आणि त्सुनामी झाली. पाणी तागाजोच्या किल्ल्याखालच्या वस्तीपर्यंत आलं आणि हजारएक माणसं बुडाली, अशी नोंद दरबारी इतिहासात आहे. शपथेतली ती लाट याच त्सुनामीच्या आठवणीतून आली, असं अनेक अभ्यासक मानतात. मग आला ११ मार्च २०११. तागाजोचा सुमारे एक तृतीयांश भाग पाण्याखाली गेला. खालच्या ओकी-नो-इशीपर्यंत पाणी चढलं. या टेकडीवरून मात्र लाट गेली नाही.

ते गृहस्थ एकदम गप्प झाले. मग टेकडीच्या कडेला जाऊन खालच्या रस्त्याचा उतार डोळ्यांनी मापू लागले. ‘‘फार उंच नाही हो ही. म्हणजे त्या वेळच्या लोकांनी लेव्हल बरोबर हेरली होती,’’ म्हणाले. उतरताना विजेच्या खांबावरची एक खूण मी त्यांना दाखवली. त्सुनामीचं पाणी इथपर्यंत आलं होतं, हे सांगणारी ती पट्टी. तागाजोच्या सरकारी हायस्कुलातल्या मुलांनी पाण्याची उंची शोधून गावात अशा खुणा लावल्या आहेत. परतीच्या वाटेवर ते प्रत्येक खांबापाशी थांबत होते. त्यांच्या पत्नीनं तर डोळ्यांपर्यंत येणाऱ्या खुणेखाली उभं राहून हात डोक्यावर ठेवून बघितला. त्या सहलीत आम्ही क्योटोही केलं, फुजीही केला. पण पुण्याला परतल्यावर मंडळी पुन्हा पुन्हा बोलत राहिली ती त्या दोन झाडांबद्दल.

ही जागा आपोआप टिकलेली नाही. बाशो इथं येऊन गेला म्हणून त्याच्या वाटेवरच्या जागांना जपान सरकारनं २०१४ पासून एकत्रित संरक्षण दिलं. गल्लीतलं ते डबकंही त्यात आहे. अशा संरक्षणाचा कायदा तिथं १९१९ मध्येच झाला. ऐतिहासिक स्थळं, निसर्गरम्य जागा आणि नैसर्गिक स्मारकं यांच्यासाठी तो एकच कायदा होता. पण कायदा यायच्या सुमारे शंभर वर्षं आधी एका माणसानं अशा जागेसाठी जीव दिला, आणि त्याचं नाव आपल्याकडच्या कुठल्याही सहलीत घेतलं जात नाही.

त्याचं नाव काकुरिन. आकिता प्रांतात, चोकाई पर्वताच्या पायथ्याशी किसाकाता नावाचं खाजण होतं. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी पर्वताचा कडा कोसळून समुद्रात उंचवटे तयार झाले, त्यांची बेटं झाली, बेटांवर पाइन वाढले. बाशोच्या प्रवासाचं हे सर्वांत उत्तरेकडचं टोक. मात्सुशिमाच्या तोडीची, पण उदास छटेची जागा म्हणून त्यानं तिचं वर्णन केलं. १८०४ मध्ये भूकंप झाला आणि तिथली जमीन सुमारे दोन मीटरनं वर उचलली गेली. पाणी ओसरलं. होती ती बेटं चिखलात उभी राहिली.

होंजोच्या सरदारानं ठरवलं की बेटं फोडून माती पसरायची आणि भातशेती करायची. गरीब मुलखात तांदूळ म्हणजे महसूल. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. कानमान-जी या तिथल्या मंदिराचा प्रमुख काकुरिन याला ते पटलं नाही. पाणी गेलं तरी बेटं राहिली पाहिजेत, त्यांच्यावर कवींनी लिहिलंय, असा त्याचा आग्रह. त्यानं क्योटोच्या राजघराण्यातल्या कान-इन घराण्याचा आश्रय मंदिरासाठी मिळवला, म्हणजे सरदाराला बेटांना हात लावणं अवघड जावं. सरदारानं त्याला पकडून तुरुंगात टाकलं. १८२२ मध्ये तो तिथंच वारला. पण बेटं फोडायचं काम थांबलं. आज शंभराच्या आसपास हिरवे उंचवटे भातखाचरांत उभे आहेत. मे महिन्यात लावणीसाठी खाचरं पाण्यानं भरली की चोकाईची बर्फाची शिखरं त्यात उतरतात आणि बाशोनं पाहिलेलं किसाकाता थोडे दिवस परत येतं. १९३४ मध्ये या जागेला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. तांदूळही पिकतो, बेटंही आहेत. दोन्ही शक्य होतं, हे सिद्ध करायला एका माणसाला कैदेत मरावं लागलं.

जपाननं सगळंच असं जपलं, असं म्हणणं खोटं ठरेल. टोकियोतला निहोनबाशी पूल म्हणजे एदोहून निघणाऱ्या पाच महामार्गांचा आरंभ. क्योटोकडे जाणाऱ्या तोकाइदो मार्गाच्या, चित्रकार हिरोशिगेनं काढलेल्या प्रसिद्ध चित्रमालेची सुरुवात याच पुलापासून होते. ऑलिम्पिकच्या घाईत १९६३ मध्ये या पुलाच्या बरोब्बर डोक्यावरून द्रुतगती मार्ग नेला. १९११ चा देखणा दगडी पूल साठ वर्षांहून अधिक काळ काँक्रीटच्या सावलीत उभा आहे. आता तो मार्ग जमिनीखाली न्यायचं काम चालू आहे. खर्चाचा अंदाज सुमारे ३२,००० कोटी येन आहे आणि डोक्यावरचा मार्ग पूर्ण हटायला २०४० उजाडेल. एका घाईची भरपाई करायला पाऊण शतक लागतं, हा हिशेब तिथल्या राज्यकर्त्यांनी आता स्वीकारलाय.

तोच धडा हिरोशिमा प्रांतातल्या तोमोनोउरा बंदरानं वेळेत घेतला. फुकुझेन-जी मंदिरातून दिसणारं तिथलं सागरदृश्य कोरियाच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यानं १७११ साली जपानात सर्वश्रेष्ठ ठरवलं होतं. वाहतूक कोंडी सोडवण्यासाठी तिथलं बंदर काही भागात बुजवून पूल बांधायची योजना १९८३ मध्ये आली. गावात दोन तट पडले. पूल हवा म्हणणाऱ्यांचंही खरं होतं. अरुंद गल्ल्यांत रुग्णवाहिका अडकायच्या. विरोधक २००७ मध्ये न्यायालयात गेले. हिरोशिमा जिल्हा न्यायालयानं २००९ मध्ये भरावाला परवानगी देण्यास मनाई केली आणि तिथलं दृश्य हा रहिवाशांचा जपण्याजोगा हक्क मानला. २०१२ मध्ये प्रांताच्या गव्हर्नरांनी योजना मागं घेतली आणि पर्याय म्हणून डोंगरातून बोगदा काढायचं ठरलं. आज बंदराचा जुना दगडी दीपस्तंभ आणि पायऱ्यांचा धक्का जागेवर आहे.

मग आपण, पाहुणे म्हणून जाणारे लोक, या सगळ्यात कुठं बसतो? २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी प्रवासी जपानमध्ये आले. त्याच वर्षी मे महिन्यात फुजीकावागुचिको गावानं एका दुकानामागं फुजी दिसतो त्या रस्त्यावर अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळा पडदा लावला. तेवढ्या एका फोटोसाठी लोक धावत रस्ता ओलांडत होते, कचरा टाकत होते आणि शेजारच्या दवाखान्याच्या जागेत गाड्या लावत होते. वादळाच्या भीतीनं ऑगस्टमध्ये पडदा उतरवला, पण त्या गावाला तो लावावासा वाटला, ही गोष्ट आपल्या मनाला लागली पाहिजे. फुजीला २०१३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो नैसर्गिक गटात नाही, सांस्कृतिक गटात: श्रद्धास्थान आणि कलेची प्रेरणा म्हणून. ज्या डोंगरावर शतकानुशतकं यात्रेकरू पांढरे कपडे घालून चढले, त्याच्याकडे पाठ करून फोटो काढायचा आणि बसमध्ये चढायचं, याला मी त्याचं दर्शन म्हणणार नाही.

लोक मला सांगतात, दिवस थोडे असतात, पैसे बरेच जातात, तेव्हा प्रसिद्ध तेच बघू दे. ही अडचण खरी आहे आणि ती मी रोज ऐकते. पण मराठी वाचकाला या वाटेवर परकं वाटायचं कारण नाही. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, तेव्हापासून बाशो आपल्या ओळखीचा आहे. हा बाशो दीडशेच्या आसपास दिवस उत्तरेकडे पायी हिंडलेला प्रवासी होता, एवढंच त्यात जोडून घ्यायचं आहे. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरायला जाणाऱ्या पुणेकराला ओकायामाच्या कोराकुएन बागेची नक्कल माहीत आहेच. मूळ बाग १९४५ च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाली आणि जुन्या चित्रांच्या आधारे पुन्हा उभी केली गेली, एवढं कळलं तरी तिथल्या हिरवळीवर आपण वेगळ्या नजरेनं चालू.

म्हणून पर्यटन कंपन्यांना माझं सांगणं आहे की कार्यक्रमात कवितेच्या वाटेवरची निदान एक जागा ठेवा आणि निघण्याआधी मंडळींना तिच्याबद्दल चार पानं वाचायला द्या. आणि प्रवाशांना सांगणं आहे की प्रत्येक जागी मार्गदर्शकाला दोन प्रश्न विचारा: इथं कुणी काय लिहिलं, आणि ही जागा मोडायची वेळ आली तेव्हा कुणी राखली? त्याला उत्तर येत नसेल, तर तो पुढच्या वेळी शोधून येईल. टोकियोहून सेंदाईला बुलेट ट्रेननं सुमारे दीड तास लागतो. तिथून तागाजो आणि मात्सुशिमा एकाच लोकल मार्गावर आहेत आणि दोन्ही एका दिवसात होतात. पुढच्या साकुराला जाताना ओसाकाच्या खरेदीतला एक दिवस काढा आणि या वाटेला द्या.